मला तर समजत होतं

वाचकाचं पत्र, थोडक्यात. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नाशिकला शरणपूर रोडच्या आसपास राहणारे एक ४७ वर्षांचे गृहस्थ लिहितात. घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा भावकीने त्यांना नेसत्या कपड्यांनिशी घराबाहेर काढलं, ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ. हे स्वतः अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहेत आणि रविवारी शब्बाथ शाळेत मुलांना शिकवतात. सात वर्षांपूर्वी वडील मृत्युपत्र न करता गेले. मागे आई, हे आणि मनमाडला दिलेली मोठी बहीण. घर आपल्या एकट्याच्या नावावर व्हावं म्हणून ह्यांनी बहिणीला बोलावून घेतलं. "नाव लावायला लागतं, नुसती फॉर्मॅलिटी आहे," असं सांगून दुय्यम निबंधक कार्यालयात हक्कसोडपत्रावर तिची आणि आईची सही घेतली. बहीण चष्मा घरी विसरली होती. "कुठे करू तेवढं बोट ठेवून दाखव," एवढंच ती म्हणाली. यंदा तिने मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी पन्नास हजार उसने मागितले, ह्यांनी दहा हजार दिले. तिने फोनवरच त्यांच्यासाठी प्रार्थना केली. त्या रात्रीपासून झोप उडाली आहे. प्रभुभोजनाच्या (भाकर व द्राक्षारसाच्या विधीच्या) रविवारी ते काहीतरी निमित्त काढून बाहेर थांबतात. त्यातच पाळकसाहेबांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी पहिल्यावर बोलायला सांगितलं आहे: "हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही." ते लिहितात, "त्यांना समजत नव्हतं. मला तर समजत होतं. जाणूनबुजून केलेल्या पापाला क्षमा आहे का? असेल तर देवापाशी मागितली की पुरे, की ताईलाही सांगायचं? पत्नी म्हणते जुनं उकरू नका, आईला सोसणार नाही. आणि संदेश देऊ की नको?"

प्रिय बंधू,

सलाम. तुमचं पत्र लांब आहे आणि त्यातली बहुतेक पानं तुम्ही किती वाईट आहात ह्यावर गेली आहेत. परूशी (दिखाऊ धर्मनिष्ठ), ढोंगी, चुना लावलेली कबर, सगळं आलं आहे. सहीची हकिकत मात्र पाच-सहा ओळींत उरकली आहे. आणि अगदी शेवटी, जाता जाता, एक वाक्य: वरच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या आहेत. आधी मला ह्याच मोजमापाबद्दल बोलायचं आहे.

"मी पापी आहे" असं म्हणायला आपल्याला जड जात नाही. रविवारच्या उपासनेत पापकबुलीची प्रार्थना आपण सगळे एका सुरात म्हणतो, शेजारचाही म्हणतो, त्याच्या शेजारचाही. "मी ताईला खोटं सांगून तिचा हिस्सा घेतला" हे वाक्य मात्र तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात मला कुठेच सापडलं नाही. 'सर्वांनी पाप केले आहे' हे बायबलमधल्या रोमकरांस पत्रातलं वचन ऐकलं की घटकाभर बरं वाटतं आणि मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटते, असं तुम्ही लिहिता. ती लाज खरी आहे, तिचं ऐका. त्याच अध्यायात चार ओळी आधी ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो की नियमशास्त्र बोलतं ते प्रत्येक तोंड बंद व्हावं म्हणून. आपण ते वचन उलटं वापरतो, सगळ्यांच्या गर्दीत आपला चेहरा दिसू नये म्हणून. दावीद राजाने दुसऱ्याची बायको घेतली, तेव्हा नाथान संदेष्ट्याने त्याला असं गर्दीत उभं राहू दिलं नाही. श्रीमंत माणसाने गरिबाची एकुलती एक मेंढी घेतल्याची गोष्ट सांगितली. दावीद त्या श्रीमंतावर संतापला. मग नाथान म्हणाला, "तो मनुष्य तूच आहेस." त्यानंतरच दाविदाच्या तोंडून कबुली आली.

म्हणून आधी झालं काय ते सरळ मांडू. आजूबाजूला सगळेच बहिणींच्या सह्या घेतात, 'आपल्यात' मुलींना देत नाहीत, असं तुम्ही लिहिलं आहे. ख्रिस्ती माणसाच्या वारशाला भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. मृत्युपत्र नसेल आणि मागे पत्नी व मुलं असतील तर पत्नीला एक-तृतीयांश, उरलेलं दोन-तृतीयांश मुलांना समसमान, मुलगा-मुलगी असा भेद न करता. तुमच्या घराचा हिशेब त्यामुळे अगदी सोपा आहे: आईचा एक हिस्सा, तुमचा एक, ताईंचा एक, तिघांचे सारखे. त्रावणकोरकडच्या ख्रिस्ती मुलींना जुन्या संस्थानी कायद्यामुळे हे मिळत नव्हतं. १९८६ साली मेरी रॉय ह्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेही मोडून काढलं. आपल्याकडे तर तशी अडचण कधी नव्हतीच. ताईंनी माहेरासाठी राजीखुशीने, समजून-उमजून हक्क सोडला असता तर गोष्ट वेगळी होती. अनेक बहिणी सोडतात. ताईंना मात्र आपण काय सोडलं हे माहीतच नव्हतं.

तुमच्या पणजोबांबद्दल वाचताना मी थांबले. १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकला शरणपूर वसवलं, ते घरादाराला मुकलेल्या अशा माणसांना डोक्यावर छप्पर हवं म्हणूनच. धर्म बदलला म्हणून कोणाचा वारसाहक्क बुडू नये, असा एक कायदाही १८५० साली, एकविसाव्या क्रमांकाचा, करावा लागला होता, इतकी ही गोष्ट सर्रास घडत असे. तुमच्या घरात चार पिढ्या जी हकिकत सांगितली जाते, ती हिस्सा नाकारला गेल्याची हकिकत आहे. ताईंनीही ती तुमच्याबरोबर बसूनच ऐकली असणार.

हे तुम्हाला टोचेल. टोचावं म्हणूनच लिहिलं आहे, कारण पुढे क्षमेबद्दल जे लिहायचं आहे ते ह्या पापाच्या क्षमेबद्दल आहे, सर्वसाधारण पापाच्या नाही.

तुमचा मूळ प्रश्न: जाणूनबुजून केलेल्या पापाला क्षमा आहे का? तुम्ही इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायातलं सव्विसावं वचन दिलं आहे. सत्याचं ज्ञान झाल्यावर जाणूनबुजून पाप करत राहिलो तर पापासाठी दुसरा यज्ञ उरत नाही. ह्या वचनाने फार माणसांची झोप उडवली आहे. पण ते पत्र कोणाला लिहिलं आहे ते पाहा. छळाला कंटाळून ख्रिस्ताला सोडून मागे फिरू पाहणाऱ्यांना लेखक सांगतो आहे की ख्रिस्ताच्या बलिदानाच्या ह्या यज्ञाकडे पाठ फिरवलीत तर दुसरा यज्ञ कुठेही मिळणार नाही. जो ह्याच यज्ञाकडे येऊ पाहतो त्याला हाकलून लावायला हे वचन नाही. थोडं वर, त्याच अध्यायात, येशूच्या रक्ताने आपल्याला आत यायचं धैर्य मिळालं आहे, तेव्हा खऱ्या मनाने जवळ येऊ, असं तो म्हणतो. तुम्ही सव्विसाव्या वचनावर बोट ठेवून बसला आहात, जरा एकोणिसाव्यापासून वाचत या.

आणि पहिल्या उद्गारापुढे तुम्ही गेलाच नाहीत. दुसरा उद्गार ज्याच्यासाठी आहे त्याला सगळं समजत होतं. वधस्तंभावरचा तो चोर सोबतीला म्हणतो की आपली शिक्षा रास्त आहे, आपण आपल्या कृत्यांचं फळ भोगतो आहोत. त्याने केलेलं अज्ञानात खपवलं नाही, परिस्थितीवर ढकललं नाही, भरपाई करायला त्याचे हातही मोकळे नव्हते. त्याला येशूने "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील" म्हणून शब्द दिला. येशूचा शिष्य पेत्र, त्याचंही तसंच. अंगणातल्या शेकोटीपाशी "मी येशूला ओळखत नाही" म्हणताना आपण काय बोलतो आहोत हे त्याला पक्कं माहीत होतं, आदल्या संध्याकाळीच त्याला बजावून सांगितलं होतं. तरी तीनदा बोलला. तुमची-माझी मंडळी ज्या प्रेषितांच्या साक्षीवर उभी आहे त्यात हा पेत्र आहे.

त्याच पहाटेची दुसरी कहाणी आपण कमी वाचतो. मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात येशूला धरून देणाऱ्या यहूदाला पस्तावा होतो. तो तीस रुपये परत नेतो आणि मुख्य याजकांना सांगतो की मी निर्दोष रक्त धरून देऊन पाप केलं आहे. पाहा, पश्चात्ताप आहे, नाव घेऊन कबुली आहे, पैसेही परत केले आहेत. याजक म्हणतात, त्याचं आम्हाला काय? आणि तो तिथून एकटा निघून जातो. आपल्याबद्दल त्याने जो निकाल दिला तोच त्याने शेवटचा मानला. ज्याचा अपराध केला त्याला काय म्हणायचं आहे हे विचारायला तो थांबला नाही.

माझं म्हणणं सगळं इथे येऊन ठेपतं, बंधू. आपल्याविषयीचं खरं काय हे आपलं मन ठरवत नाही. सात वर्षं तुमचं मन सांगत होतं की विशेष काही झालं नाही. ते खोटं होतं. आता तेच मन सांगतं की तुम्हाला क्षमा नाही. त्याची साक्ष एकदा खोटी ठरली आहे, तर आज तुम्ही ती डोळे मिटून का मानता? योहानाच्या पहिल्या पत्रात ही दोन्ही वाक्यं लागोपाठ आहेत. आपल्या ठायी पाप नाही असं म्हटलं तर आपण स्वतःला फसवतो. आणि आपण आपली पापं पदरी घेतली तर तो विश्वासू व न्यायी आहे, म्हणून क्षमा करील. पहिलं देवाचं म्हणून मानायचं आणि दुसरं आपल्याला वाटत नाही म्हणून बाजूला ठेवायचं, हे चालत नाही. दोन्ही एकाच तोंडून आली आहेत. पुढे तिसऱ्या अध्यायात योहान म्हणतो की आपलं मन आपल्याला दोषी ठरवतं तेव्हाही देव मनापेक्षा थोर आहे. प्रार्थनेनंतर हलकं वाटण्याची तुम्ही वाट पाहताय. हलकं वाटलं नाही तरी क्षमा क्षमाच असते.

मग ताईंना कशाला सांगायचं? देवाने माफ केलं, विषय संपला?

जक्कयाकडे पाहा. यरीहोचा तो मुख्य जकातदार झाडावर चढून बसला होता. येशूने त्याला नाव घेऊन खाली बोलावलं, आज तुझ्या घरी उतरायचं आहे म्हणाला. तोवर जक्कयाने एक पैसाही परत केला नव्हता. येशू घरी आल्यावर तो उठून उभा राहिला आणि म्हणाला की ज्याला लुबाडलं असेल त्याला चौपट देतो. क्रम लक्षात घ्या. परतफेड करून त्याने येशूला घरी आणलं नाही, येशू घरी आला म्हणून परतफेड सुचली. तुम्ही ताईंना हिस्सा परत कराल तो क्षमेची किंमत म्हणून करू नका, तो हप्त्यांचा कारभार कधी संपत नाही. पण क्षमा मिळालेल्या हातांत दुसऱ्याची वस्तू तशीच राहू शकत नाही. बायबलमधल्या गणना ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात तर हिशेबच दिला आहे: अपराध कबूल करावा, भरपाई पूर्ण करावी, वर पाचवा भाग घालावा आणि ज्याचा अपराध केला त्याला द्यावा. मंदिराला नव्हे, त्या माणसाला. तुम्ही मंडळीच्या इमारत निधीला मोठी रक्कम देण्याचा विचार कळवला आहे. ती रक्कम मनमाडची आहे.

तुमच्या पत्नीचं म्हणणं मी हलकं मानत नाही. आई थकल्या आहेत, घर राहतं आहे, मुलांची शिक्षणं चालू आहेत. शिवाय ताईंना कळलं की त्या कोर्टातही जाऊ शकतात. फसवून घेतलेला दस्त रद्द करण्याची मुदत कायद्यात फसवणूक कळल्या दिवसापासून धरतात, म्हणजे तुम्ही तोंड उघडाल त्या दिवसापासून. हे माहीत असूनच जायचं. पण 'आईला सोसणार नाही' हे मला तितकंसं पटत नाही. तुमच्या आईने तुम्हा दोघांना वाढवलं आहे, आणि सही त्यांचीही आहे. त्यांना सारं आधीच उमगलं असण्याचीही शक्यता मी धरते. तुम्ही त्यांच्या नावाखाली थांबू नका.

आता करायचं काय.

एका कागदावर झालेली गोष्ट लिहून काढा, विशेषणं न लावता. तारीख, कोणता दस्त, ताईंना काय सांगितलं, खरं काय होतं, सात वर्षांचं भाडं किती आलं. 'परूशी' आणि 'ढोंगी' लिहायचा मोह झाला तर खोडा. हा कागद आधी पत्नीबरोबर वाचा. घर त्यांचंही आहे, निर्णय त्यांच्या डोक्यावरून घेतलात तर दुसरी फसवणूक सुरू होईल. त्या राजी होईपर्यंत थोडे दिवस गेले तर जाऊ द्या, थोडेच. मग पाळकसाहेबांना एकांतात भेटा. तुमच्यासारख्याच अडचणीत सापडलेले कोणी कॅथलिक वाचक असतील, नाशिक रोडच्या बाळ येशूच्या यात्रेला दरवर्षी जाणारे, त्यांनी फादरांपाशी पापनिवेदन करावं. तिथेही चोरलेलं परत करायला सांगितलंच जातं.

त्यानंतर मनमाडला जा. फोनवर नको, व्हॉट्सअॅपवर तर मुळीच नको. एकटे जा, दस्ताची प्रत घेऊन, आणि ताईंना चष्मा लावायला सांगा. जे बोलायचं ते थोडक्यात: ही सही कशाची होती, मी तुला खोटं सांगितलं, घरात तुझा तिसरा हिस्सा आहे आणि तो मला तुला द्यायचा आहे. एवढं बोलून गप्प बसा. वडील गेल्यावर मी किती ताणात होतो वगैरे सांगू नका. वचनं सांगू नका. "देवाने मला माफ केलं आहे" हे तर त्या खोलीत चुकूनही बोलू नका, आणि त्यांच्याकडे क्षमेची मागणीही करू नका. ख्रिस्ती घरांत दुखावलेल्या माणसावर फार लवकर क्षमेची सक्ती होते, तीही बहुतेक वेळा बाईवर. ताई रडतील, चिडतील, किंवा चहा करून देतील आणि चार महिने फोन उचलणार नाहीत. तो वेळ त्यांचा आहे.

हिस्सा द्यायचे मार्ग त्यांनी निवडावेत. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र फाडून टाकलं म्हणून रद्द होत नाही. तुम्ही एक-तृतीयांश हिस्सा नोंदणीकृत बक्षीसपत्राने त्यांच्या नावे करू शकता, किंवा नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाकडून घराची आजची किंमत काढून तेवढी रक्कम देऊ शकता. एकदम जमणार नसेल तर लेखी मुदत ठरवून द्या. भाड्याचा तिसरा वाटा वेगळा. ताईंचा वकील त्यांचा स्वतःचा असावा, फी तुम्ही भरा. मुद्रांक शुल्क किती लागेल ते वकिलांना विचारा, तो खर्चही तुमचाच. फीसाठी त्यांना अजून चाळीस हजार लागत आहेत, ते ह्या हिशेबाची वाट न पाहता आधी पाठवा, आणि ते उसने म्हणून नको.

संदेशाबद्दल: यंदा पाळकसाहेबांना नाही म्हणा. तुम्ही अपवित्र आहात म्हणून नाही, तसं असतं तर त्या व्यासपीठावर कोणीच चढलं नसतं. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभूने सांगितलं आहे की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. तुमचा संदेश हे तुमचं अर्पण आहे, ते काही दिवस तिथेच राहू द्या. उत्तम शुक्रवारी व्यासपीठावरून कबुली देण्याचा विचारही तुम्ही लिहिला आहे. कृपा करून तसं करू नका. ताईंची गोष्ट ताईंच्या आधी सगळ्या मंडळीला कळेल, आणि लोक तुमच्या धैर्याचं कौतुक करतील. प्रभुभोजनाला मात्र बाहेर थांबू नका. पौलाने आत्मपरीक्षा करायला सांगितलं ते मग भाकर खावी म्हणून. पाळकसाहेबांशी बोलणं झालं आणि मनमाडचा दिवस ठरला की, ते सांगतील तसं, आत या.

ज्यांच्यापाशी परत करायला माणूसच उरला नाही असेही काही जण हे वाचत असतील. त्यांनी वारसांचा शोध घ्यावा. तेही नसतील तर गणना ग्रंथातलं तेच प्रकरण वाचावं, तिथे त्याचीही सोय सांगितली आहे. आणि काहींना अपराधाची टोचणी रात्रंदिवस असते, पण कोणतं पाप विचारलं तर बोट ठेवता येत नाही. कबुली पुन्हा पुन्हा देऊनही ती जात नाही. अशांनी पाळकांबरोबर डॉक्टरांनाही भेटावं. बंधू, तुम्हालाही झोपेसाठी मी हेच सांगेन. पाप खरं असलं तरी आठवडेच्या आठवडे न झोपलेलं शरीर नीट निर्णय घेऊ शकत नाही.

राहिला आईंचा तिसरा हिस्सा. मनमाडहून परतल्यावर त्यांच्यापाशी बसा, त्यांनाही तो कागद वाचून दाखवा आणि त्यांच्या हिश्शाचं त्यांना काय करायचं आहे ते विचारा. त्यांनी कदाचित "तुझ्याकडेच राहू दे" म्हटलं, तरी ह्या वेळी ते समजून म्हटलेलं असेल. मला जरूर कळवा, पण ताई काय म्हणाल्या ते त्यांना विचारल्याशिवाय लिहू नका.